मी भोंगे जमवतो

कोणी तिकिटे जमवतो, कोणी शंखशिंपले जमवतो. मी भोंग्याचे आवाज जमवतो.

आमचे गाव रायगड जिल्ह्यात आहे. गावाजवळ रसायनांची कंपनी आहे. तिथे धोक्याचा भोंगा आहे. तो नीट चालतो की नाही हे बघायला दर बुधवारी सकाळी १० वाजता थोडा वेळ वाजवतात. त्याला चाचणी म्हणतात. तेव्हा मी आईचा मोबाइल घेऊन अंगणात उभा राहतो आणि आवाज रेकॉर्ड करतो. मग वहीत तारीख, वारा कुठून होता, पाऊस होता का, आवाज मोठा की बारीक, हे सगळे लिहितो. आतापर्यंत ४१ आवाज झाले.

भोंगा कसा वाजतो? गुरुजींनी सांगितले. त्यात मोटरवर फिरणारे एक चाक असते. ते हवा आत ओढते आणि भोकांतून तुकड्या-तुकड्याने बाहेर फेकते. त्याचाच आवाज होतो. चाक जोरात फिरले की आवाज चढतो, हळू झाले की उतरतो. म्हणून भोंगा बंद करताना कण्हत कण्हत खाली येतो.

खाली-वर, खाली-वर आवाज झाला तर धोका समजावा. एकसारखा लांब आवाज आला तर धोका टळला. ७ मे २०२५ रोजी देशात नागरी संरक्षणाचा सराव झाला, त्यातही भोंगे वाजवले होते. एखाद्या कंपनीची खूण वेगळी असते, ती विचारून ठेवावी.

बाबांची टपरी कंपनीच्या गेटजवळ आहे. एकदा चाचणीच्या वेळी आईने त्यांना फोन लावला. भोंगा आधी फोनवर ऐकू आला आणि ६ सेकंदांनी अंगणात! आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. ३४० गुणिले ६ म्हणजे २०४० मीटर. कंपनी आमच्यापासून २ किलोमीटर आहे, हे मी घरबसल्या मोजले.

माझी एक चूकही झाली. एका रात्री मी रेकॉर्ड केलेला भोंगा मोठ्याने लावला. आजी दचकून उठली आणि तिने पटकन दिवा बंद केला. १९७१ च्या लढाईत ती मुंबईला लालबागला होती. तेव्हा ती माझ्याएवढीच होती. भोंगा झाला की दिवे घालवायचे, खिडक्यांना काळा कागद लावायचा. आजी म्हणाली, "बाळा, भोंग्याची मस्करी करू नये. उद्या खरा वाजला तर कोण उठेल?" तेव्हापासून मी आवाज हळूच ऐकतो.

आता महत्त्वाची गोष्ट सांगतो. मी वर्गातल्या मुलांनाही विचारून लिहायला लागलो. ठाकूरवाडीच्या मुलांच्या नावापुढे दर वेळी "नाही" असेच आले. वाडी टेकडीच्या मागे आहे. टेकडी आवाज अडवते. पावसाळ्यात तर पत्र्यावर एवढा पाऊस वाजतो की आम्हालाही भोंगा नीट ऐकू येत नाही.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळला विषारी वायू सुटला. लोक झोपेत होते. त्यांना वेळेवर सावध केले गेले नाही. हजारो माणसे मेली. हे ऐकल्यावर मला वाडीतल्या मित्रांची काळजी वाटली. मी वही गुरुजींना दाखवली. गुरुजींनी ती ग्रामपंचायतीत नेली. कंपनीची माणसे वाडीत येऊन बघून गेली. दुसरा भोंगा अजून बसला नाही. तोपर्यंत भोंगा झाला की अंगणवाडीच्या ताईंना फोन करायचा आणि त्यांनी लोखंडी रुळाचा टोल बडवायचा, असे ठरले आहे.

वायू सुटला तर वारा कुठून येतो ते बघावे. वाऱ्याच्या दिशेने पळू नये, आडवे जावे. नाकाला ओला फडका लावावा. बाहेर पडता येत नसेल तर दारे-खिडक्या लावून घरात थांबावे.

पालकांनो, येत्या बुधवारी १० वाजता कान द्या. तुमच्या घरी भोंगा ऐकू आला नाही तर मला सांगा. मी वहीत लिहीन.

इयत्ता ४ थी