तिकिटावर पॉइंट मिळतात खरे, पण कार्डाचं बिल सोयाबीनची वाट बघत नाही

पुण्या-मुंबईला कामाला असलेली आपल्याकडची पोरं आता रेल्वेचं तिकीट मोबाईलवरच काढतात. नांदेड-पनवेल असो की लातूर-मुंबई, पैसे भरताना बऱ्याच जणांच्या हातात क्रेडिट कार्ड दिसायलंय. कार्डावर काढलं की फुकट पॉइंट मिळतात म्हणे. ते फुकट किती, ते बघू.

रेल्वेसाठीचं ओळखीचं कार्ड म्हणजे आयआरसीटीसी-एसबीआयचं. त्याचा एक पॉइंट म्हणजे तिकिटातला एक रुपया. आयआरसीटीसीवर एसीचं तिकीट काढलं तर 10 टक्क्यांपर्यंत पॉइंट, म्हणजे हजाराच्या थर्ड एसीवर शंभराच्या आसपास. स्लीपरला मात्र हे 10 टक्के नाहीत. तिथं 125 रुपयाला एक पॉइंट. चारशेच्या स्लीपर तिकिटावर पडले तीन रुपये! साध्या कार्डाची वर्षाची फी 500 रुपये, जीएसटी धरून 590. ती वसूल व्हायलाच एसीची सहा तिकिटं लागतात. (फी आणि अटी बदलत असतात, घेण्याआधी बँकेत विचारा.) पॉइंट वापरायला कार्ड आयआरसीटीसीच्या लॉगिनला जोडावं लागतं, मग तिकीट काढताना ते वळते करता येतात.

एसटीनं जाणाऱ्या बाया-माणसांना यापेक्षा मोठा फायदा कार्डाविनाच आहे. मार्च 2023 पासून महिलांना निम्मं तिकीट, आणि 75 वर्षांवरच्यांना तर प्रवासच मोफत.

आता खरी गोष्ट. नोकरदाराला दर महिन्याला पगार येतो. आपला पैसा येतो सोयाबीन निघाल्यावर, नाहीतर तूर विकल्यावर. कार्डाचं बिल मात्र दर महिन्याला. पूर्ण भरलं तर व्याज नाही. पण बिलावर 'मिनिमम ड्यू' म्हणून छोटी रक्कम छापलेली असते, ती भरून माणूस निवांत बसतो. उरलेल्यावर बहुतेक कार्डांना महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, म्हणजे वर्षाला 42 टक्के. दहा हजार राहिले तर महिन्याला साडेतीनशे, वर जीएसटी. शंभर पॉइंटचं काय झालं मग? तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर पंजाबराव देशमुख योजनेत शून्य टक्के पडतं. त्यामुळं खत-बियाणं कार्डावर घेऊन सुगीची वाट बघणं परवडत नाही. एटीएममधून कार्डावर रोकड काढली तर व्याज पहिल्या दिवसापासूनच. आणि थकलं की सिबिल बिघडतं ते वेगळंच.

पगारपत्रक नसलेल्यांना काही बँका मुदत ठेवीवर कार्ड देतात. वर्षातनं चार-पाच वेळा एसीनं जाणं-येणं असंल आणि बिल पूर्ण भरायची शिस्त असंल, तरच ते घ्यावं.

अजून एक. "तुमचे पॉइंट आज रात्री संपणार" असा मेसेज आणि खाली लिंक किंवा एपीके फाइल आली तर हात लावू नका. बँक अशी फाइल पाठवत नाही आणि ओटीपीही मागत नाही. चुकून पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन करा आणि बँकेला सांगून कार्ड बंद करा.