धुराड्यात ड्रिल नको

बोरी हे परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातले, काळ्या रानातले गाव. अशा गावांत चुलीत पऱ्हाट्या-तुराट्या जळतात आणि धुराड्यात काजळी साचते. नळी चोंदली की धूर घरात परततो. म्हणून ती साफ केलीच पाहिजे. ड्रिल यंत्राला तारेचा ब्रश लावला की काम झटपट, असे वाटणे साहजिक आहे.

पण हिशेब करून पाहा. ब्रशचा व्यास ७.५ सें.मी. व फेरे मिनिटाला ३,००० धरले, तर त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे ४२ किलोमीटर होतो! तुटलेली तार याच वेगाने डोळ्याकडे येते. शिवाय काजळीतला कार्बन वीजवाहक. तो मोटारीत शिरला तर धक्का बसू शकतो.

खरा धोका मात्र नळीतच आहे. १९८० नंतर सरकारी योजनेतून बसविलेल्या पुष्कळ निर्धूर चुलींची धुराडी ॲस्बेस्टॉस-सिमेंटची होती. सिमेंटमध्ये जखडलेले ॲस्बेस्टॉसचे तंतू सहसा सुटत नाहीत. तारेने खरवडले की ते हवेत उडतात, फुप्फुसात रुततात आणि २०-३० वर्षांनीही कर्करोग उद्भवू शकतो. काजळीही काही गरीब नव्हे. धुराडी झाडणाऱ्यांच्या कर्करोगाशी तिचा संबंध पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यचिकित्सकाने १७७५ मध्येच जोडला होता.

चूल थंड असताना नळीला लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर नळी लोखंडी पत्र्याची. दोरीला ओल्या चिंध्यांचा बोळा बांधून ती साफ करता येते. न चिकटता नळी राखी, दगडासारखी दिसली, तर तिला हात लावू नका. मोठ्यांना सांगा. जाणकाराकडून ती ओली करून, न फोडता उतरवावी.