बेटांचा भूगोल (भाग ६) : मॉरिशसला गेल्यावर कुठल्या किनाऱ्यावर उतरायचं?

मागच्या भागात आपण सह्याद्रीच्या काळ्या कातळाचा माग काढत थेट हिंदी महासागरात पोहोचलो होतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ज्या तप्तबिंदूने दख्खनवर लाव्ह्याचे थर चढवले, त्याच्यावरून पुढे सागरतळ सरकत राहिला आणि बेटांची एक रांग उमटत गेली. लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मग मॉरिशस आणि सगळ्यात शेवटी रियुनियन. आज हा तप्तबिंदू रियुनियनच्या खाली आहे. या आठवड्यात त्याच माहितीचा अगदी व्यवहारातला उपयोग पाहू. मे महिन्यात किंवा दिवाळीत मॉरिशसचा बेत आखणाऱ्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो : हॉटेल कुठल्या किनाऱ्यावर घ्यायचं?

सहल कंपन्यांच्या पत्रकातले फोटो इथे फारसे कामाचे नाहीत. पांढरी वाळू, निळं पाणी आणि वाकलेलं नारळाचं झाड हे बेटाच्या चारी बाजूंना मिळतं. फोटोत दिसत नाहीत त्या दोन गोष्टी महत्त्वाच्या : समोर प्रवाळाची भिंत आहे का, आणि वारा कुठून येतो.

आधी वाळूकडे बघू. मॉरिशस पूर्णपणे ज्वालामुखीतून घडलेलं बेट आहे, मग तिथली वाळू पांढरी कशी? लाव्ह्याचा खडक म्हणजे बेसॉल्ट, आणि तो झिजला की काळी रेती होते. पांढरी वाळू खडकाची नाहीच. ती मेलेल्या प्रवाळाच्या तुकड्यांची, शंखशिंपल्यांच्या चुऱ्याची आहे. तिच्यात पोपटमाशांचाही मोठा वाटा असतो. हे मासे कठीण चोचीने प्रवाळ कुरतडतात, त्यावरचं शेवाळ पोटात घेतात आणि उरलेला चुना बारीक भुकटी करून मागे टाकतात. म्हणजे किनारा पांढरा असेल, तर समोरच्या पाण्यात प्रवाळ आहे किंवा निदान दीर्घ काळ होतं, एवढं त्या वाळूवरून समजतं.

प्रवाळाला उबदार, स्वच्छ, उथळ पाणी लागतं आणि भरपूर वेळ लागतो. मॉरिशसचं वय ८०-९० लाख वर्षं. तिथला ज्वालामुखी कधीचाच शांत झाला आहे, उतार झिजून सौम्य झाले आहेत, आणि बेटाभोवती सुमारे दीडशे किलोमीटर लांबीची प्रवाळभिंत उभी राहिली आहे. शेजारचं रियुनियन वीसेक लाख वर्षांचं. तिथला पितों द ला फूर्नेज हा ज्वालामुखी आजही वरचेवर पेटतो. एप्रिल २००७ च्या उद्रेकात लाव्हा समुद्रापर्यंत पोहोचला आणि आग्नेय किनाऱ्यावर नवी जमीन तयार झाली. तापलेला लाव्हा थंड पाण्यात पडला की फुटून त्याचे काचेसारखे कण होतात, आणि लाटा त्यांची काळी पुळण रचतात. अशा किनाऱ्यापुढे भिंत नसते. तळ झपकन खोल जातो आणि महासागराची लाट थेट पायाशी येऊन फुटते. उलट टोकाला मालदीव. तिथले मूळ ज्वालामुखी खाली बुडून गेले, उरलं ते त्यांच्यावर वाढलेलं प्रवाळ. बेट खचत जातं आणि प्रवाळ वर चढत राहतं, हा सिद्धांत चार्ल्स डार्विनने मांडला. बीगल जहाजावरून परतताना १८३६ मध्ये तो मॉरिशसला थांबला होता. प्रवाळांवरचं त्याचं पुस्तक १८४२ मध्ये आलं.

आता भिंत ओळखायची कशी? किनाऱ्यावर उभं राहून लांब समोर बघा. क्षितिजाच्या अलीकडे फेसाची एक पांढरी रेघ दिसते, तिथे लाटा फुटत असतात. तीच भिंत. तिच्या अलीकडचं फिकट हिरवंनिळं, शांत पाणी म्हणजे लगून. लहान मुलं आणि पोहता न येणारी मोठी माणसं यांच्यासाठी यासारखं पाणी दुसरं नाही. मॉरिशसला भरती-ओहोटीतला फरक जेमतेम अर्धा मीटर असतो, त्यामुळे दापोली-गुहागरच्या किनाऱ्यासारखं पाणी भराभर आत-बाहेर होत नाही.

पण ही रेघ मध्येच तुटलेली दिसली, तर तिथून दूर राहा. जिथे नदी समुद्राला मिळते तिथे गोडं पाणी आणि गाळ येतो. त्यात प्रवाळ जगत नाही, म्हणून भिंतीत खिंड राहते. लाटांबरोबर भिंतीवरून जे पाणी आत येतं, त्याला बाहेर पडायला हीच वाट असते. ओहोटीला तिथली ओढ चांगल्या पोहणाऱ्यालाही समुद्रात नेते. वरून पाणी गुळगुळीत, गडद निळं आणि मोहक दिसतं, म्हणून धोका जास्त. ओढीत सापडलंच तर किनाऱ्याकडे झुंजत पोहू नये. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडावं आणि मग वळावं. हे मी मुद्दाम सविस्तर लिहितो आहे, कारण कंबरेएवढ्या पाण्यात हात धरून उभं राहायची आपली कोकणातली सवय दरवर्षी जीव घेते, आणि तीच सवय घेऊन आपण परदेशातही जातो.

बेटाच्या दक्षिण टोकाला सुइयाकजवळ ग्री ग्री नावाचा किनारा आहे. तिथे भिंत नाही. काळ्या बेसॉल्टचे कडे आणि त्यावर आदळणारा उघडा महासागर असा तो देखावा. तिथे जरूर जा, कड्यावर तासभर बसा, आपल्या हरिहरेश्वरच्या कातळाचं सख्खं नातं तिथे डोळ्यांनी दिसतं. पाण्यात मात्र उतरू नका.

आता वारा. मॉरिशस दक्षिण गोलार्धात आहे आणि वर्षातला बहुतेक काळ आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. जून ते सप्टेंबर हा तिथला हिवाळा, त्यात ते सर्वांत जोरात असतात. त्यामुळे पूर्वेचा बेल मार किनारा, जो वाळूच्या बाबतीत माझ्या मते बेटावर सर्वांत देखणा आहे, ऑगस्टमध्ये बसायला सुखाचा राहत नाही. वाळू तोंडावर उडते, लगूनचं पाणीही खवळतं. त्याच दिवशी पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाकला पाणी स्थिर असतं, कारण मधले डोंगर वारा अडवतात आणि पाऊसही अडवतात. शाळेत शिकलेला पर्जन्यछायेचा धडा इथे जसाच्या तसा अनुभवता येतो. म्हणून हिवाळ्यात पश्चिम किंवा उत्तर, आणि वारा पडला की पूर्व.

आपल्या सुट्ट्यांच्या हिशोबात सांगायचं तर, मे महिन्यात तिथला उन्हाळा नुकताच सरलेला असतो, पाण्यात ऊब उरलेली असते. पश्चिम किनारा घ्या. दिवाळीच्या सुमाराला वारा मंदावतो, पाऊस कमी असतो, तेव्हा बेल मार खुशाल निवडा. नाताळात उकाडा आणि गर्दी दोन्ही. जानेवारी ते मार्च हा चक्रीवादळांचा मुख्य काळ, तेव्हा शक्यतो जाऊच नये.

आजी-आजोबा आणि नातवंडं असा गोतावळा असेल तर उत्तरेचा त्रू ओ बिश किंवा मों श्वाझी बरा. पाणी उथळ, सावलीला झाडं. मासे-प्रवाळ बघायचं असेल तर आग्नेयेचं ब्लू बे. ते संरक्षित सागरी उद्यान आहे आणि काचेच्या तळाच्या होडीतून पोहता न येणाऱ्यालाही सगळं दिसतं. ल मॉर्नचा डोंगर २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, पळून आलेल्या गुलामांचा तो आसरा होता. त्याच्या पायथ्याचा किनारा सुंदर, पण तिथला वारा आणि पाण्याची ओढ काइटसर्फिंग करणाऱ्यांच्या सोयीची, मुलांच्या नव्हे. तामारँला नदीमुळे प्रवाळ नाही, वाळू मळकट, लाटा उंच. कुठेही उतरताना पायात रबरी बूट घाला. सी अर्चिनचे काटे आणि दगडासारखा पडून राहणारा विषारी स्टोनफिश, दोन्ही उथळ पाण्यातच असतात. आणि प्रवाळावर कधीही उभे राहू नका. २५ जुलै २०२० ला वाकाशिओ हे मालवाहू जहाज ब्लू बेजवळच्या पॉइंत देस्नीच्या भिंतीवर चढलं आणि सुमारे हजार टन तेल लगूनच्या परिसरात पसरलं. तेव्हा गावोगावच्या लोकांनी उसाचं पाचट भरून तरंगते बांध शिवले. त्यांना ती भिंत किती मोलाची वाटते, हे त्यावरून कळावं.

हॉटेल कुठेही घ्या, किनारा बदलता येतो. बेट उत्तर-दक्षिण जेमतेम ६५ किलोमीटर आहे, आणि कायद्याने भरतीच्या रेषेपर्यंतची पुळण सर्वांची आहे, हॉटेलची नाही. रविवारी सार्वजनिक किनाऱ्यांवर सुरूच्या झाडांखाली स्थानिक कुटुंबं डबे घेऊन बसतात. त्यात मराठी आडनावाची माणसंही भेटतील. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून उसाच्या मळ्यांवर नेलेल्या मजुरांचे ते वंशज. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. आज वारा कसा आहे, कुठे उतरावं, हे त्यांना विचारा. त्यांच्याइतकं नेमकं कुठलंही ॲप सांगणार नाही.

ज्यांना काळी वाळूच बघायची आहे त्यांनी रियुनियनला जावं. एताँ-साले इथे ती लांबवर पसरलेली आहे आणि दुपारी अनवाणी चालवत नाही इतकी तापते. मात्र २०११ पासून झालेल्या शार्कच्या हल्ल्यांनंतर, २०१३ मध्ये तिथे लगून आणि पहारा असलेल्या जागा सोडून इतरत्र पोहण्यावर बंदी आली. भिंत असलेलं पाणी हवं तर पश्चिमेच्या लेर्मिताजला जावं लागतं.

पुढच्या आठवड्यात मालदीव : जिथे ज्वालामुखी पूर्ण बुडाला, तिथे पिण्याचं पाणी कुठून येतं?