जेड, ‘इंडियन जेड’ आणि मुंबईचा प्रेहनाइट

फणसवाडीहून भुलेश्वरमार्गे झवेरी बाजाराकडे जाताना दुकानांत दुधाळ हिरव्या मण्यांच्या ज्या माळा टांगलेल्या दिसतात, त्यांना सरसकट जेड म्हटले जाते आणि जेड हे एकच खनिज असल्याचेही गृहीत धरले जाते. वस्तुतः फ्रेंच रसायनज्ञ अलेक्सिस दामूर यांनी १८६३ मध्ये दाखवून दिले, की या नावाखाली दोन भिन्न खनिजे वावरतात: कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह यांचे सिलिकेट असलेले नेफ्राइट आणि सोडियम व ॲल्युमिनियम यांचे सिलिकेट असलेले जेडाइट. शाहजहानचा १६५७ सालचा प्रसिद्ध मद्यचषक नेफ्राइटचा आहे.

‘इंडियन जेड’ या नावाने विकला जाणारा अव्हेंचुरिन मात्र या दोहोंपैकी काहीच नाही. तो क्वार्ट्झ असून, त्याचा हिरवेपणा क्रोमियमयुक्त अभ्रकाच्या बारीक पत्र्यांमुळे येतो आणि भिंगाखाली हे पत्रे चकाकताना दिसतात. काचेवर ओरखडा उठला की जेड अस्सल, ही समजूतही टिकत नाही, कारण क्वार्ट्झची कठिनता ७, म्हणजे नेफ्राइटच्या ६ ते ६.५ पेक्षा अधिक आहे. जेडचे वैशिष्ट्य कठिनतेत, म्हणजे ओरखड्याला होणाऱ्या विरोधात नसून चिवटपणात आहे. नेफ्राइटमधील सूक्ष्म तंतू नमद्यासारखे एकमेकांत गुंतलेले असल्याने तो सहजी फुटत नाही. सापेक्ष घनता, म्हणजे समान आकारमानाच्या पाण्याच्या तुलनेत भरणारे वजन, अव्हेंचुरिनला लगेच उघडे पाडते: त्याची सुमारे २.६५, नेफ्राइटची २.९५ आणि जेडाइटची ३.३ च्या आसपास.

खरी अडचण मुंबईच्याच दगडाने होते. मालाड-कांदिवलीच्या खाणींतील बेसॉल्टच्या पोकळ्यांत मिळालेला फिकट हिरवा प्रेहनाइट कठिनतेत नेफ्राइटच्या बरोबरीचा असून, त्याची घनता २.८ ते २.९५ असल्याने केवळ तोलून निवाडा होईलच असे नाही. तेथे रचनाच पाहावी लागते, कारण प्रेहनाइटचे स्फटिक बहुधा केंद्रातून बाहेर पसरलेले असतात. झिओलाइट गटातील खनिजांच्या सोबतीने सापडतो म्हणून त्याला झिओलाइटांत जमा करण्याचा प्रघातही चुकीचा आहे. झिओलाइटच्या सांगाड्यातील पोकळ्यांत पाण्याचे रेणू असतात व ते मंद उष्णतेने निघून जाऊन पुन्हा शोषले जाऊ शकतात, तर प्रेहनाइटमधील हायड्रॉक्सिल (OH) गट मूळ रचनेतच बांधलेले असल्याने प्रखर उष्णतेखेरीज सुटत नाहीत.