अश्वशक्ती महाग, रबर स्वस्त

बुगाटी वेरॉन २००५ साली रस्त्यावर आली ती १,००१ अश्वशक्ती घेऊन. तिचा कमाल वेग होता ताशी ४०७ किलोमीटर. पाच वर्षांनी तिची सुपर स्पोर्ट आवृत्ती निघाली. इंजिनात जवळजवळ २०० अश्वशक्तीची भर पडली होती आणि वेग झाला ४३१. दोनशे अश्वशक्ती म्हणजे एका चांगल्या स्पोर्ट्‌स कारचं अख्खं इंजिन. तेवढं जास्तीचं ओतलं, तेव्हा पदरात पडले २४ किलोमीटर.

यात बनवणाऱ्यांचा दोष नाही, हवेचा हिशोबच निर्दय आहे. वेग दुप्पट केला की हवेचा अडथळा चौपट होतो आणि तो दुप्पट वेगाने कापत जायचं म्हणून ताकद लागते आठपट. वेरॉनवरच हे ताडून पाहा. वेग ५.९ टक्के वाढला. या वाढीचा घन काढला तर सुमारे १९ टक्के येतात. ताकद वाढवावी लागली होती २० टक्के. पुस्तकातलं समीकरण आणि कोट्यवधींची गाडी इतकी जुळताना पाहिली की मला तरी फार आनंद होतो.

आता जमिनीवर येऊ. माझदाची एमएक्स-५, अमेरिकेत जिला मियाटा म्हणतात, ती फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा दिसली. दोन सीट, १.६ लिटरचं इंजिन, ११६ अश्वशक्ती आणि वजन हजार किलोच्या आत. एप्रिल २०१६ मध्ये हिरोशिमाच्या कारखान्यातून दहा लाखावी गाडी बाहेर पडली. जुनी मियाटा परवडते, म्हणून हौशी रेसिंगवाल्यांची ती लाडकी आहे. आणि ती हातात आली की पहिला विचार इंजिनाचाच येतो: मोकळा एअर फिल्टर घालू, मोठा सायलेन्सर लावू.

त्या इंजिनात काय चाललेलं असतं ते आधी पाहू. ६,००० आरपीएमला चार सिलिंडरांत मिळून सेकंदाला २०० स्फोट होतात. प्रत्येक पिस्टन ८३.६ मिलिमीटरची धाव सेकंदाला दोनशे वेळा कापतो, वर शंभर आणि खाली शंभर. वरच्या टोकाला थांबून उलटं फिरताना त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या दोन हजार पटींहून जास्त ओढ येते. तीनशे ग्रॅमचा पिस्टन धरला, तर कनेक्टिंग रॉडला तो त्या क्षणी सहाशे किलोंहून जड वाटतो. हा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो. रेड लाइन, म्हणजे आरपीएमची वरची मर्यादा, सात हजारांवरून आठ हजारांवर नेली की ताण ३० टक्क्यांनी चढतो आणि मग आतले सुटे भाग बदलल्याशिवाय गत्यंतर नसतं. हवेची भूक तर विचारूच नका. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. टर्बो बसवून ही हवा दीडपट करता येते, पण मग पेट्रोलही दीडपट, उष्णताही तितकीच, आणि रेडिएटर, क्लच, गिअरबॉक्स असे एकेक जण रांगेत उभे राहतात. फिल्टर आणि सायलेन्सरने पाच टक्के ताकद वाढली असं अगदी उदारपणे धरलं, तरी घनाच्या हिशोबाने कमाल वेग वाढतो दीड टक्का. ताशी १९० चे झाले १९३.

टायरची गोष्ट वेगळी. चालकासकट गाडी हजार किलोची धरू, म्हणजे प्रत्येक चाकावर अडीचशे किलो. टायरमध्ये २६ पीएसआय हवा असेल, तर ढोबळमानाने एका टायरचा सुमारे १३७ चौरस सेंटिमीटर भाग रस्त्याला टेकतो. चारही मिळून साधारण साडेपाचशे. ऑफिसातल्या ए-फोर कागदाचं क्षेत्रफळ याहून जास्त असतं. वेग घेणं, वळणं, थांबणं, हे सगळं एवढ्याशा रबरावर.

म्हणून जुनी टायरं बदलणं हाच पहिला खर्च. टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांनंतरच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी खोल दिसत असली, तरी वर्षं उलटली की रबर कडक होतं. समजा कडक रबर ०.८ जी, म्हणजे गाडीच्या वजनाच्या ०.८ पट, इतकी पकड देतं आणि चांगलं नवं १ जी. ताशी शंभरवरून ब्रेक दाबला, तर नव्या टायरची गाडी ३९ मीटरवर उभी राहते, जुन्याची ४९ वर. दहा मीटरच ना, असं वाटेल. पण पहिली गाडी ज्या जागी थांबली, तिथून दुसरी अजून ताशी ४५ किलोमीटरने पुढे निघालेली असते. हा आकडा मला सगळ्यात जास्त हादरवतो.

ब्रेकचंही तसंच आहे. मियाटाला शंभर गाठायला नऊएक सेकंद लागतात, आणि चांगल्या टायरवर थांबायला तिनाहून कमी. ब्रेक दाबल्याच्या पहिल्या क्षणी चार चाकांवर मिळून ३६० अश्वशक्तीहून जास्त ताकद उष्णतेत बदलत असते, इंजिनाच्या तिप्पट. ट्रॅकवर प्रत्येक वळणाआधी हेच घडतं. डॉट-४ ब्रेक ऑइल नवं असताना निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी ३.७ टक्क्यांवर गेलं की मानकाने मागितलेली हीच मर्यादा १५५ वर येते. उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पॅडल थेट तळाला जातं. उपाय काही शे रुपयांचा. एकाने पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागचा निपल पाव आटा सैल करायचा. पारदर्शक नळीतून आधी काळपट तपकिरी ऑइल येतं, मधे बुडबुडे दिसतात, मग फिकट पिवळं, स्वच्छ. निपल आवळल्याशिवाय पॅडल सोडायचं नाही, नाहीतर हवा परत आत जाते.

अलाइनमेंटही थोडक्यात होते. मियाटाच्या चारही चाकांना डबल विशबोन सस्पेंशन आहे आणि खालच्या आर्मचे बोल्ट फिरवून कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, बदलता येतो. सुटा भाग घ्यावा लागत नाही. वळणात गाडी कलली तरी टायर सपाट टेकावं, एवढ्यासाठी हे करायचं. आणि ही सगळी परीक्षा बंद ट्रॅकवरच, गावच्या रस्त्यावर मुळीच नाही.

वजनाचं काय? पहिल्या मियाटाची टाकी ४५ लिटरची, भरली की पेट्रोलच ३३ किलोंचं. अर्धी ठेवून ट्रॅकवर गेलं, तर जवळजवळ १७ किलो फुकटात उतरतात. तेवढा फायदा इंजिनातून काढायचा, तर दोन अश्वशक्ती वाढवाव्या लागतील. हा हिशोब टोकाला नेला लोटसने. त्यांच्या १९९६ च्या एलिसची ॲल्युमिनियमची चॅसी, इपॉक्सीने चिकटवलेली, भरते अवघी ६८ किलो. पूर्ण गाडी सव्वासातशेच्या घरात. इंजिन रोव्हरचं, ११८ अश्वशक्तीचं, म्हणजे मियाटाहून दोनच जास्त. शंभर गाठायला तिला लागतात सहाएक सेकंद.