मूत्रल औषधे आणि वृक्कशोथ : एक दुर्लक्षित अनुबंध

शोथ उतरावा म्हणून दिलेल्या औषधानेच वृक्कात शोथ उत्पन्न व्हावा, ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटते. तथापि आधुनिक वैद्यकाने नोंदविलेले हे वास्तव आहे आणि आपल्या चिकित्सालयात येणाऱ्या रुग्णांशी त्याचा निकटचा संबंध आहे. रक्तदाब, हृद्रोग वा सर्वांगशोथ यांसाठी ‘लघवीची गोळी’ घेणारे कितीतरी रुग्ण त्याच काळात वैद्यांकडूनही औषध घेत असतात.

वृक्कातील सूक्ष्म नलिकांच्या मधल्या ऊतकास सूज येणे, यास अक्यूट इंटरस्टिशियल नेफ्रायटिस म्हणतात. या विकाराचे वर्णन कौन्सिलमन यांनी १८९८ मध्ये केले. त्यांचे रुग्ण घटसर्प व स्कार्लेट ज्वराचे होते. आज मात्र औषधे हेच त्याचे प्रमुख कारण ठरले आहे. प्रतिजैविके, वेदनाशामके व आम्लपित्तावरील ओमेप्राझोलसारखी औषधे यांत अग्रभागी असली, तरी थायाझाइड गटातील औषधे, फ्युरोसेमाइड व ट्रायमटेरीन ही मूत्रलेही या यादीत आहेत. नेफ्रॉटिक सिंड्रोमच्या चार रुग्णांत मूत्रलांनंतर उद्भवलेल्या व पुढे सुधारलेल्या वृक्कविकाराचा वृत्तान्त १९७३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला होता.

ही प्रतिक्रिया विरळ असून ती मात्रेवर अवलंबून नसते. ती शरीराच्या प्रतिकारयंत्रणेची असात्म्यजन्य प्रतिक्रिया होय. म्हणून अल्प मात्रेतही ती घडू शकते आणि तेच औषध पुन्हा दिल्यास पुन्हा उद्भवू शकते. औषध सुरू झाल्यावर काही दिवसांनी वा आठवड्यांनी, क्वचित त्याहूनही उशिरा लक्षणे दिसतात. ज्वर, त्वचेवर पुरळ व रक्तात इओसिनोफिल पेशींची वाढ ही लक्षणत्रयी ग्रंथांत प्रसिद्ध असली, तरी ती एकत्रितपणे सुमारे १० टक्के रुग्णांतच आढळते. बहुतेकांत केवळ अग्निमांद्य, हृल्लास, थकवा आणि वाढलेले क्रिएटिनिन एवढेच दिसते.

येथे विवेक आवश्यक आहे. मूत्रल घेणाऱ्याचे क्रिएटिनिन वाढले, तर शरीरातील जलांश घटणे हे त्याचे अधिक संभाव्य कारण असते व ते योग्य उपचाराने लवकर सुधारते. जलांश पूर्ववत होऊनही क्रिएटिनिन उतरत नसेल, मूत्रात जंतुसंसर्गावाचून श्वेतपेशी आढळत असतील, तर वृक्कशोथाची शंका घ्यावी. निश्चित निदान वृक्काच्या बायॉप्सीनेच होते. कारणीभूत औषध वेळीच थांबविणे हा मुख्य उपचार असून काही रुग्णांना स्टेरॉइड द्यावे लागते. विलंब झाल्यास ऊतकात तंतुमयता येऊन हानी कायमची होते.

अशा रुग्णास केवळ शोथ पाहून पुनर्नवा, गोक्षुर आदी मूत्रल द्रव्यांची जोड देणे उचित नव्हे. त्यामुळे जलांश व क्षार यांचे संतुलन अधिक बिघडू शकते. त्याचप्रमाणे रुग्णाची गोळी परस्पर बंद करणेही धोक्याचे आहे, कारण हृद्रोग्याचा जीव तिच्यावर अवलंबून असू शकतो. औषधांची नावे व प्रारंभाच्या तारखा नोंदवून मूत्र व क्रिएटिनिन तपासावे आणि चिठ्ठीसह रुग्णास वृक्कविकारतज्ज्ञाकडे त्वरित पाठवावे.

हा दोष केवळ आधुनिक औषधांचा, असे समजून समाधान मानण्याचेही कारण नाही. बेल्जियममध्ये कृश होण्यासाठी चिनी वनस्पती घेतलेल्या स्त्रियांत वृक्काच्या अंतराल ऊतकाची गंभीर तंतुमयता आढळल्याचे १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यास अॅरिस्टोलोकिया कुलातील वनस्पती कारण ठरली. आपली ईश्वरी याच कुलातील आहे.

चरकाचार्यांनी मूत्रविरेचनीय महाकषायात दहा द्रव्ये सांगितली, ती युक्तीने योजण्यासाठी. द्रव्य वनस्पतिज असो वा रासायनिक, ‘याने वृक्कास काय होईल?’ हा प्रश्न प्रत्येक चिठ्ठी लिहिताना वैद्याच्या मनात असावा. भारतात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी राष्ट्रीय व्यवस्था आहे. आपले निरीक्षण तेथे कळविणे हाही चिकित्सेचाच भाग होय.