अंगणातील मोटार

जुन्या वाड्याच्या अंगणात किंवा शहरातील एखाद्या इमारतीच्या मागील बाजूस पुष्कळदा एक मोटार उभी असलेली दिसते. तिच्या टपावर वाळलेली पाने साचलेली असतात, चाकांतील हवा केव्हाच निघून गेलेली असते, आणि मागच्या आसनावर एखादी मांजर आपल्या पिल्लांसह सुखाने नांदत असते. येणाराजाणारा तिच्याकडे पाहून 'भंगार' म्हणतो आणि पुढे जातो. परंतु अशा मोटारीपाशी थबकून, गुडघे टेकून तिच्या पोटाखाली डोकावणारी माणसेही असतात. बिघडलेली जुनी मोटार विकत घ्यावी, फावल्या वेळात स्वतःच्या हातांनी ती दुरुस्त करावी, थोडे दिवस चालवावी आणि मग दुसऱ्या हौशी माणसाला विकून त्या पैशांत आणखी एखादी बिघडलेली मोटार आणावी, असा त्यांचा छंद असतो. वरवर पाहता व्यापारीही हेच करतो. परंतु व्यापाऱ्याला वेळेचा हिशेब ठेवावा लागतो. हौशी मनुष्य एका दाराच्या बिजागरीवर दोन रविवार घालवतो आणि त्याबद्दल त्याला यत्किंचितही वाईट वाटत नाही.

महाराष्ट्रात हा छंद करणाऱ्यांच्या हाती एक मोटार वारंवार येते. ती म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली फियाट. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. पुढे इटलीतील फियाट कंपनीशी करार करून तिने 'फियाट ११००' ही लहान, चार दारांची मोटार बांधण्यास प्रारंभ केला. १९६४ साली या मोटारीचे 'डिलाइट' हे नवे रूप आले, आणि १९७४ साली तिला 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले. त्या काळी नवी मोटार हवी असल्यास मागणी नोंदवून कित्येक वर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे घरात आलेली फियाट हे कुटुंबाचे भूषणच असे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी म्हणूनही याच मोटारी अनेक वर्षे धावल्या. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मधली असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती मुदत संपली आणि या टॅक्सी रस्त्यावरून निघून गेल्या.

समजा, १९७४ सालची अशी एक पद्मिनी एका वाड्यात बारा वर्षे उभी आहे, आणि एक हौशी गृहस्थ ती पाहावयास आले आहेत. नवशिका मनुष्य प्रथम बोनेट उघडून इंजिन पाहतो. हे गृहस्थ मात्र अनुभवी आहेत. ते जमिनीवर जुनी सतरंजी पसरतात आणि विजेरी घेऊन गाडीखाली शिरतात.

असे करण्याचे कारण या मोटारीच्या रचनेत आहे. फार जुन्या मोटारींना, उदाहरणार्थ १९०८ साली अमेरिकेत निघालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' मोटारीला, खाली लोखंडाचा वेगळा सांगाडा असे. इंजिन, चाके आणि वरची बैठक त्या सांगाड्यावर बसवलेली असत. बैठक मोडली, तरी सांगाडा शाबूत राही. फियाट ११०० ला असा वेगळा सांगाडा नाही. पातळ पत्रे वाकवून, एकमेकांस जोडून तिची एक पेटी केलेली असते, आणि ही पेटीच सर्व भार सहन करते. काड्यापेटी साध्या पुठ्ठ्याची असूनही बोटांनी दाबली तर सहज चेपत नाही. परंतु तिची एक बाजू भिजली, की सारी पेटी दुबळी होते. मोटारीचेही तसेच आहे. दारांच्या खाली लांबीने जाणाऱ्या ज्या पोकळ कडा असतात, त्यांवर या पेटीचे बळ पुष्कळसे अवलंबून असते. पाणी बाहेर जाण्यासाठी त्या कडांना लहान छिद्रे ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजली, की पाणी आत साचते, आणि पत्रा आतून गंजू लागतो. बाहेरचा रंग मात्र अजून चकाकत असतो.

लोखंडाचा पाणी आणि हवेतील प्राणवायू यांच्याशी संयोग होऊन गंज तयार होतो. ज्या लोखंडापासून तो झाला, त्यापेक्षा तो अधिक जागा व्यापतो. म्हणून गंज धरला, की वरचा रंग फोडासारखा फुगतो. खारट हवेत ही क्रिया अधिक वेगाने होते. मुंबई किंवा रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वाढलेल्या मोटारीपेक्षा सोलापूरकडच्या कोरड्या हवेतील मोटार हौशी माणसाला अधिक प्रिय असते, ती यासाठीच.

परंतु रंगाला आलेले फोड घासून, गंजाच्या भोकावर लांबी भरून, वरून पुन्हा रंग दिला तर? मग डोळ्यांना काहीच दिसत नाही. येथे एक साधे लोहचुंबक उपयोगी पडते. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून हळूहळू फिरवावे. जेथे लोखंड आहे, तेथे ते चिकटते. जेथे लांबीचा जाड थर आहे, तेथे त्याची पकड सुटते. आपल्या पद्मिनीच्या डाव्या दाराखाली लोहचुंबक दोन ठिकाणी गळून पडले, असे समजू. गृहस्थ ती गोष्ट वहीत टिपून घेतात. त्यानंतर ते इंजिनावरील आणि मोटारीच्या अंगावरील क्रमांक नोंदणीच्या पुस्तकातील क्रमांकांशी ताडून पाहतात. ते जुळले नाहीत, तर गाडी कितीही देखणी असली तरी ती घेण्यात अर्थ नसतो. क्रमांक जुळतात, भाव ठरतो, आणि मोटार टेम्पोमागे दोर बांधून न ओढता, मालट्रकवर चढवून घरी आणली जाते. तिचे ब्रेक लागत नाहीत, हे गृहस्थांनी आधीच पाहिलेले असते.

पुष्कळ नवशिके घाईघाईने इंजिन चालू करण्याच्या मागे लागतात. इंजिनाचा आवाज ऐकण्यात मोठा आनंद आहे, यात शंका नाही. परंतु जी गाडी थांबवता येत नाही, ती सुरू करून काय उपयोग? म्हणून पहिले काम ब्रेकचे. ब्रेकचा पट्टा पायाने दाबला, की नळ्यांतील द्रवावर दाब पडतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोचतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याने सतराव्या शतकात दाखवून दिले. त्याच नियमानुसार एका पायाचा दाब चारही चाकांपर्यंत जातो. पण हा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. वर्षानुवर्षे तो बदलला नाही, तर चाकांजवळच्या लहान सिलिंडरांना आतून गंज चढतो आणि त्यांतील रबरी वाट्या निकामी होतात. या मोटारीत चारही चाकांच्या नळ्या एकमेकींस जोडलेल्या आहेत. कोठेही एका जागी गळती झाली, तर पाय थेट तळाला टेकतो आणि एकही चाक थांबत नाही. म्हणून सर्व वाट्या नव्या घालाव्या लागतात. तीन चांगल्या दिसल्या म्हणून चालत नाही.

मग इंजिन. त्यात चार सिलिंडर आहेत, आणि चारांचे मिळून घनफळ १०८९ घन सेंटिमीटर आहे. प्रत्येक सिलिंडरात एक पिस्टन खालीवर होतो. बारा वर्षे हालचाल न झाल्यामुळे पिस्टनांभोवतीची कडी सिलिंडरच्या भिंतींना गंजाने चिकटून बसली आहेत. येथे जोर केला, तर कडी तुटतात. त्याऐवजी चारही प्लग काढून त्यांच्या छिद्रांतून तेल सोडतात आणि वाट पाहतात. रोज सायंकाळी पुढच्या चाकीवर पाना लावून किंचित ताण द्यावा, हलले नाही तर सोडून द्यावे. चार दिवस काहीच होत नाही, आठ दिवस काहीच होत नाही. आणि एखाद्या दिवशी पाना केसभर सरकतो. ते केसभर सरकणे ज्याने हाताने अनुभवले, त्याला या छंदाची गोडी निराळी समजावून सांगावी लागत नाही.

टाकीतील पेट्रोल केव्हाच उडून गेलेले असते आणि मागे डिंकासारखा चिकट थर उरलेला असतो. कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे त्याने बुजतात. ती साफ करण्यासाठी तार घालण्याचा मोह होतो, पण तारेने छिद्र नकळत मोठे होते आणि पुढे गाडी पेट्रोल अधिक पिऊ लागते. म्हणून ती छिद्रे धुऊन हवेच्या झोताने मोकळी करतात. प्लगांच्या तारांचीही अशीच काळजी घ्यावी लागते. ठिणगी पहिल्या सिलिंडरात, मग तिसऱ्यात, मग चौथ्यात आणि शेवटी दुसऱ्यात पडावी, असा या इंजिनाचा क्रम आहे. दोन तारांची अदलाबदल झाली, तर इंजिन खोकते, धूर सोडते आणि बंद पडते. मोटार उघडताना प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधणे आणि प्रत्येक भागाचे चित्र वहीत काढून ठेवणे, हे कंटाळवाणे काम ज्याने टाळले, त्याची पुढे फार तारांबळ उडते.

सुटे भाग मिळवणे ही तर या छंदातील खरी भटकंती. पद्मिनीचे उत्पादन २००० सालाच्या सुमारास संपले. आता तिचे दिवे, काचांभोवतालचे रबर, दारांच्या मुठी शोधीत हौशी मंडळी मुंबईच्या चोर बाजारातून आणि कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडून हिंडतात. जे मिळतच नाही, ते लेथवर करवून घ्यावे लागते. तसे करणारे जुने मिस्त्रीही आता थोडेच उरले आहेत. पत्रा हातोडीने ठोकून मूळ वळणावर आणण्याचे त्यांचे कसब पुस्तकात सापडत नाही; त्यांच्या शेजारी उभे राहूनच ते शिकावे लागते.

अशा एका मिस्त्र्यांना गृहस्थ डाव्या दाराखालची जागा दाखवतात. लांबी खरवडून काढल्यावर पेचकस पत्र्यातून आरपार जातो. आता दोन मार्ग आहेत. पुन्हा लांबी भरून रंग द्यावा. दोन दिवसांत काम होईल, आणि खर्चही थोडा. किंवा सडलेला भाग पूर्ण कापून टाकावा, तेथे नवा पत्रा वाकवून जोडावा, आत गंजरोधक रंग द्यावा आणि बुजलेली छिद्रे मोकळी करावीत. त्याला महिना लागेल आणि मोटारीच्या किमतीचा मोठा वाटा खर्ची पडेल. रंग दिल्यावर दोन्ही गाड्या दिसावयास अगदी सारख्या. पण एखाद्या वळणावर दुसऱ्या गाडीची धडक बसली, तर पहिल्या गाडीची ती बाजू भिजलेल्या काड्यापेटीप्रमाणे दुमडेल, आणि त्या वेळी आत कोण बसलेले असेल, हे कोणास ठाऊक? गृहस्थ पत्रा कापावयास सांगतात. मिस्त्री काही बोलत नाहीत, पण चहा झाल्यावर कामाला नेहमीपेक्षा लवकर लागतात.

वर्ष दीड वर्षाने मोटार पुन्हा रस्त्यावर येते. त्यासाठी कायद्याचीही पूर्तता करावी लागते. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते; पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी केंद्र सरकारने २०२१ साली वेगळे नियम केले. अशा मोटारीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते, आणि तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. मात्र तशी नोंदणी केलेली मोटार रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, शर्यतफेरी अशा प्रसंगीच ती बाहेर काढावयाची असते.

काही महिने हौसेने फिरवल्यावर विकण्याची वेळ येते, कारण अंगणात जागा एकाच मोटारीची आहे. गृहस्थांच्या वहीत प्रत्येक खर्च लिहिलेला आहे. स्वतःच्या श्रमांचा त्यात एक पैसाही धरलेला नाही, तरीही बेरीज विक्रीच्या किमतीहून अधिकच भरते. घरातील मंडळींना ही बेरीज शक्यतो दाखवली जात नाही!

विकत घेणारे एक तरुण जोडपे येते. ते रंगावरून हात फिरवतात, स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा हलवून पाहतात, हॉर्न वाजवतात. गाडीखाली पाहण्याचे त्यांना सुचतही नाही. गृहस्थ स्वतःच सतरंजी पसरतात, पायाखालचा गालिचा उचलून जोडलेला पत्रा दाखवतात, दुसरा गिअर थंडीत अडखळतो हे सांगतात, आणि खिशातील लोहचुंबक त्यांच्या हाती देतात. जोडपे ते सर्व बाजूंनी फिरवून पाहते. भावात थोडी घासाघीस होते. शेवटी किल्लीबरोबर ती वही आणि ब्रेकच्या जास्तीच्या रबरी वाट्यांची डबीही गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवली जाते, आणि पद्मिनी फाटकातून बाहेर पडते. अंगणात तेलाचा एक काळा डाग राहतो. त्याच आठवड्यात शेजारच्या गावी एका गोठ्यात उभी असलेली डिलाइट पाहून येण्याचे गृहस्थांनी ठरवलेले असते.